प्रभाग तीनमधली रिकामी जागा

"व्हेन अ मेंबर डाइज, बाबा, हू गेट्स हिज सीट?" असं अबोलीने विचारलं तेव्हा लक्ष्मीकांत मेस्त्री जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून लसूण सोलत होता, आणि त्याच्या अंगठ्याचं नख पाकळीच्या सालात तसंच अडकून राहिलं. शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. कुवेतमधल्या फिंतासच्या त्या आठव्या मजल्यावरून एरवी दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसायची; आज सकाळपासून धूळ होती आणि त्या फटीत नुसता गव्हाच्या पिठासारखा रंग भरून राहिला होता. अबोली तेरा वर्षांची. तिला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतूनच यायचं. तिच्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहासाचा प्रकल्प दिला होता: अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा एक सदस्य मुदत संपण्याआधीच वारला, त्याच्या रिकाम्या जागेसाठी सतराशे नव्वद साली निवडणूक घ्यावी लागली, त्याबद्दल दोन पानं लिहायची होती. "पोटनिवडणूक," लक्ष्मीकांत म्हणाला. "पोट?" अबोली हसली. "लाइक, स्टमक?" तिने पुढे वाचून दाखवलं. तेव्हा तिकडे चिठ्ठ्या नव्हत्या, बटणं नव्हती. मतदार कोर्टाच्या इमारतीत यायचा, समोर उमेदवार बसलेला असायचा, आणि मतदाराने सगळ्यांदेखत मोठ्याने नाव सांगायचं. ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार उठून त्याचे आभार मानायचा. "सो ऑकवर्ड ना, बाबा? विथ द अदर गाय जस्ट सिटिंग देअर?" लक्ष्मीकांतने मान हलवली. नखाखाली लसणाचा रस गेला होता आणि ते चुरचुरत होतं.

त्याच वेळी टेबलावरच्या फोनवर गोदूवहिनीचा आवाजी निरोप आला. त्याचे हात चिकट होते म्हणून विनिताने, त्याच्या बायकोने, सवयीने तो मोठ्याने लावला. तो नको म्हणणार होता. पण नको म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं. "लक्ष्मीकांता, मी गोदूवयनी बोलतंय. ह्येंका जावन आता वरस होता. एकवीस तारखेक श्राद्ध आसा. सलीलाक मी पाटार बसवचंय नाय. ज्या हातान तेना सख्ख्या भावाच्या बायलेक फसवल्यान, त्या हातचा पाणी ह्येंका पोचाचा नाय. तू ये. तू बसलंस तर ह्येंचो जीव शांत होतलो. भटाक इचारलंय, भावकीतलो चलता म्हणता. रजा गावता काय बघ, आणि माका काय ता सांग." मागे कोंबडी ओरडत होती. कुणीतरी बादली टाकीवर आपटल्यासारखा आवाज झाला आणि निरोप संपला.

"जा तुम्ही," विनिता म्हणाली. तिने कढई पुसत असतानाच म्हटलं, विचार करायची गरजच नसल्यासारखं. "आठ दिवसांची रजा टाका. त्या बाईला दुसरं कोण आहे? सख्खा दीर असा निघाला." विनिता मिरजेची, गावाशी तिचा संबंध सुट्टीपुरताच होता, पण गोदूवहिनीवर तिचा जीव होता. मग ती अबोलीकडे वळून म्हणाली, "तुला आठवतंय ना, डिसेंबरमध्ये बाबा खास मत द्यायला गावी थांबले होते? आपण दोघी आजीकडे गेलो आणि हे एकटे राहिले? एका मताने पडल्या वहिनी. एका! घरातल्याच माणसाने घात केला." अबोलीने पेन्सिल थांबवली. "वन व्होट? सीरियसली? कॅन आय पुट दॅट इन माय प्रोजेक्ट?" लक्ष्मीकांत हात धुवायला आत गेला. नळाला नेहमीसारखं कोमट पाणी आलं. त्याने साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. लसणाचा वास गेला नाही.

गोदूवहिनीचा नवरा जयराम मेस्त्री त्याचा सख्खा भाऊ नव्हता. दोघांचा पणजोबा एक होता, एवढंच. जयराम सुतार होता, हाताने आणि जातीनेही, आणि वीस वर्षं कुवेतमध्ये कंत्राटावर दारं-खिडक्या बसवत राहिला. लक्ष्मीकांत शिकला, एक्स-रे टेक्निशियन झाला, आणि दोन हजार नऊ साली एका खाजगी दवाखान्याच्या व्हिसावर इथे आला. आल्या आल्या सरकारी परवान्याच्या परीक्षेत नापास झाला. दवाखान्याने दिलेली खोली सोडावी लागली. तेव्हा जयरामने त्याला कुवेतमध्येच जहरा या गावी आपल्या खोलीत नेलं. सहा माणसांच्या खोलीत सातवा. तिथे सात महिने. तिसऱ्या महिन्यात त्याला कावीळ झाली. ते दिवस लक्ष्मीकांतला दिवसांसारखे आठवत नसत, एका रंगासारखे आठवत: भिंती पिवळ्या, ट्यूबलाइट पिवळी, स्वतःचे पाय पिवळे. आणि त्या पिवळ्यात जयरामचे हात. लाकडाचा भुसा बसलेल्या, कानशीसारख्या खरखरीत तळव्यांचे हात पेज भरवायचे, उलटीचं भांडं उचलायचे, एकदा तर त्याने अंथरुणातच घाण केली तेव्हा त्याला उचलून न्हाणीत नेऊन लहान मुलासारखं धुतलं होतं त्या हातांनी. "लाजतंस कित्याक? तुझ्या आवशीन पण धुतलान आसतला मां?" असं जयराम म्हणाला होता आणि खोलीतले बाकीचे पाच जण हसले होते. वाईट हसले नव्हते. लक्ष्मीकांतने डोळे मिटून घेतले होते. तो बरा झाला, परीक्षा पास झाला, मोठ्या इस्पितळात लागला, विनिता आली, फिंतासला समुद्राजवळ घर झालं. अबोली झाली तेव्हा जयराम पाळणा घेऊन आला. सागाचा. बसमधून, मांडीवर घेऊन. त्या दिवशी इस्पितळातले दोन मराठी डॉक्टर सहकुटुंब बारशाला आले होते. जयराम खुर्चीच्या टोकावर बसून सरबत पीत होता आणि खुशीत आला तेव्हा त्याने सगळ्यांना जहराची गोष्ट सांगितली, कावीळ, पेज, न्हाणी, सगळंच. डॉक्टरांच्या बायका "किती छान माणूस आहे हो" म्हणाल्या. लक्ष्मीकांतही हसला. त्यानंतर त्याने जयरामला घरी बोलावलं नाही. भांडण नाही, काही नाही. फोन करायचा, दिवाळीला फराळ पाठवायचा, पण 'शुक्रवारी ये' हे दोन शब्द त्याच्या तोंडातून पुन्हा निघाले नाहीत, आणि जयरामने कधी का म्हणून विचारलं नाही. पाळण्यात अबोली दीड वर्ष झोपली. नंतर तो कोणाला तरी देऊन टाकला.

जयराम कायमचा गावी गेला आणि पुढच्याच निवडणुकीत प्रभाग तीनमधून ग्रामपंचायतीचा सदस्य झाला. त्याला एकच काम करायचं होतं. खालच्या वाडीच्या आणि शाळेच्या मधे व्हाळ, म्हणजे ओढा आहे. त्यावर तो दर वर्षी पोफळीची खोडं टाकून साकव बांधायचा आणि दर वर्षी आषाढात तो पूल वाहून जायचा. मग तीन महिने पोरं आणि म्हातारी माणसं अडीच मैलांचा वळसा घालायची. त्याला सिमेंटचा साकव हवा होता. आराखड्यात आला, मंजुरीच्या उंबऱ्यावर आला, आणि वैशाखात एका दुपारी छातीत कळ येऊन जयराम अंगणातच गेला. जागा रिकामी झाली. डिसेंबरअखेर पोटनिवडणूक लागली. गोदूवहिनी उभी राहिली, साकव पुरा करायचा म्हणून. समोर अक्षय नावाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा उत्साही मुलगा होता. त्याला तोच निधी देवळासमोरच्या कमानीकडे वळवायचा होता. वाईट मुलगा नव्हता तो. लक्ष्मीकांतचं त्याच्याशी देणं ना घेणं. पुढे हेच त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, गाडी चालवताना, एक्स-रेची प्लेट लावताना: लालूच असती, भीती असती, निदान अक्षयवर लोभ असता तरी सांगता आलं असतं. काहीच नव्हतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गोदूवहिनीच्या अंगणात वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. चहा फिरत होता. कोण नक्की, कोण डळमळीत, याची चर्चा चालली होती. सलीलही होता, जयरामचा धाकटा भाऊ. घर एकच, मधे भिंत. पडवीच्या वाटणीवरून दोघा भावांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं, पण जयराम गेल्यावर सलीलने खांदा दिला होता आणि निवडणुकीत तो वहिनीसाठी घरोघर फिरत होता. लोक म्हणायचे, दाखवायला फिरतो. कुणीतरी विचारलं, "लक्ष्मीकांतचा काय?" आणि गोदूवहिनी हसली. "तेका काय इचारतास? तो माझ्या घरातलोच. तेचा मत तेचा नाय, ह्येंचा आसा," ती म्हणाली, आणि मग ती गोष्ट सुरू झाली. जहरा. कावीळ. पेज. "माझ्या घोवान तेका धुतल्यान सुद्दा. म्हणान तर आज एवढो सायब झालो." सगळे त्याच्याकडे मायेने पाहत होते. लक्ष्मीकांतच्या हातात चहा होता आणि तो पीत होता. चहा गोड होता, फार गोड, आणि त्याला एकाएकी वाटलं की या अंगणात आपण अजून उघडे आहोत, सत्तेचाळीस वर्षांचे, केस पांढरे झालेले, आणि कोणीतरी आपल्यावर तांब्याने पाणी ओतत आहे. ती बाई कृतघ्न म्हणून त्याला हिणवत नव्हती. तिला त्याचा अभिमान होता. तेच सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात काहीही नव्हतं. कपबशी गोदूवहिनीची, छत्री अक्षयची. बोट कपबशीकडे गेलं. बाहेर रांगेत कोणीतरी खोकलं. मग त्याला वाटलं, इथे कोणी नाही. गेल्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा एका जागी आपण आहोत आणि जयराम नाही, त्याचे हात नाहीत, ती गोष्ट नाही. आणि त्याने छत्रीचं बटण दाबलं. यंत्र लांब ओरडलं. तो आवाज चालू होता तेवढा वेळ त्याला जे वाटलं त्याला सुख हाच शब्द होता. साधं, थंड, दातांत बर्फ धरल्यासारखं सुख. आवाज थांबला तसं तेही थांबलं. एका मताने काय होतंय, असं म्हणत तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. अक्षय एकशे अठरा, गोदूबाई एकशे सतरा. तहसीलच्या आवारात गोदूवहिनी फणसाच्या झाडाखाली बसली होती. रडत नव्हती. तिने लक्ष्मीकांतचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू एवढ्या लांबसून इलंस रे. तुझा मत फुकट गेला." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "सलीलच मां? एक मत फुटला, दुसरो कोण आसतलो?" इथे, या जागी, त्याला बोलता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. तो म्हणाला, "आसात बहुतेक." पुठ्ठ्यामागे जे झालं ते एका क्षणाचं होतं, त्याला बोटाचा दोष म्हणता आला असता. हे दोन शब्द त्याने उजेडात, तिचा हात हातात असताना, तिच्या डोळ्यांत बघून उच्चारले होते.

त्या दोन शब्दांनी पुढे स्वतःचं काम केलं. कुवेतला परतल्यावर बातम्या तुकड्यातुकड्यांनी येत राहिल्या. सलीलने देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली. लोक म्हणाले, खोटी शपथ घ्यायलाही काळीज लागतं. गोदूवहिनीने मधल्या भिंतीतलं दार अडसर घालून बंद केलं. संक्रांतीला सलीलची बायको तिळगूळ घेऊन आली तर तो पायरीवरच ठेवायला लावला. शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा सलीलला खांद्यावर घेऊ दिली नाही. विनिता या बातम्या फोनवर ऐकून जेवताना सांगायची आणि म्हणायची, "केलं तसं भरतोय." लक्ष्मीकांत भात कालवत राहायचा. साकवाचा निधी कमानीकडे वळला होता. कमानीचा फोटो अक्षयने गावच्या ग्रुपवर टाकला होता, आणि खाली टाळ्यांची चित्रं होती, त्यात एक सलीलचीही होती. ती टाळी पाहून लक्ष्मीकांत कितीतरी वेळ विचार करत राहिला की हा माणूस असं का करतो.

शनिवारी त्याची ड्यूटी होती. धूळ अजून बसली नव्हती. इस्पितळाच्या दारापाशी खोकणाऱ्यांची रांग होती आणि एकामागून एक छातीचे एक्स-रे. "खुद नफस," तो सांगायचा, श्वास घ्या, आणि माणसं छाती फुगवून प्लेटला चिकटून उभी राहायची. मग तो काचेमागे जाऊन सांगायचा, श्वास रोखा. तेवढ्या दोन सेकंदांत समोरचा माणूस किती आज्ञाधारकपणे थांबतो, हे त्याला पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा जाणवलं. दहा वाजता तो पर्यवेक्षक अशरफकडे रजेचा अर्ज घेऊन गेला. अशरफ केरळचा, शांत माणूस. "किसका डेथ हुआ?" त्याने विचारलं. "भाई का. साल हो गया, पूजा है." "सगा भाई?" "सगे जैसा," तो म्हणाला. अशरफने दुसरं काही न विचारता सही केली आणि म्हणाला, "अच्छा है, जाओ. ऐसा काम का सवाब मिलता है, पुण्य." सही केलेला कागद घडी घालून खिशात ठेवताना त्याला स्वतःची शिसारी आली. आता तिकीट काढायचं, सोवळं नेसायचं, दर्भाची अंगठी घालायची. उजव्या हाताच्या अंगठ्यावरून पाणी सोडायचं. गोदूवहिनी समोर डोळे टिपत बसणार. आणि भिंतीपलीकडे मृताचा सख्खा भाऊ आपल्याच घरात मंत्र ऐकत बसणार.

दुपारी घरी येताना त्याने गाडी फिंतासच्या किनाऱ्याकडे लावली. समुद्र नव्हता, धुरळ्यात फक्त लाटेचा आवाज होता. फोन पाहिला तर सलीलचा निरोप होता. डिसेंबरनंतरचा पहिलाच. सलीलला टाइप करायला यायचं नाही. त्याने वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. अक्षर शाळकरी, रेघ सोडून वर चढलेलं.

'लक्ष्मीकांत यास, तू बसतलंस असा समजला. बरा झाला. भट नावां इचारतलो, तुका सगळी म्हायत नसतली म्हणान लिवतंय. बापूस गणू. आजो भिकाजी. पणजो रावजी. आवस सत्यभामा. आजी रुक्मिण. दादाक वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचा सांबारा आवडायचा, ता वयनीक म्हायत आसा, पण सांग. कावळो लवकर नाय इलो तर घाई करू नको. दादा कधीच येळेर येय नाय. सलील.'

रावजी हे नाव त्याला ठाऊक होतं. तिथेच दोघांच्या शाखा फुटल्या होत्या. बाकीची नावं त्याने कधी लक्षात ठेवली नव्हती. गणू, भिकाजी, सत्यभामा, रुक्मिण. ही माणसं सलीलची होती. त्याने स्वतःची माणसं एका पानावर लिहून त्याच्या हवाली केली होती, जपून वापर म्हणून सांगावं तसं. लक्ष्मीकांतने तो फोटो बोटांनी मोठा केला, एवढा मोठा की 'येय नाय' एवढीच अक्षरं पडद्यावर राहिली. मग त्याने गाडी सुरू केली आणि घरी येऊन, बूट न काढता, बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं आणि गोदूवहिनीला फोन लावला. उशीर केला तर आपण पुन्हा काहीतरी दुसरंच बोलू, हे त्याला स्वतःबद्दल आता नक्की माहीत होतं.

"रजा गावली?" तिने उचलताच विचारलं.

"गावली. वयनी, बसल्यात काय? बसा."

"काय झाला? चेडवाक, अबोलीक काय झाला?"

"नाय. सगळी बरी आसत. वयनी, ता मत सलीलान फोडूक नाय. ता माझा. मी छत्रीचा बटण दाबलंय."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. फोन कट झाला का म्हणून त्याने पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"चुकान?" ती म्हणाली. तिच्या आवाजात एक आशा होती आणि ती त्याला जवळजवळ उचलून घेऊन गेली. हो म्हटलं की झालं. डोळे अधू, यंत्र नवं, बोट चुकलं.

"नाय," तो म्हणाला. "जाणून."

"कित्याक?"

"तुमी ती गजाल सांगितलात. जहराची. माका… माका ती सोसली नाय." शब्द बाहेर पडल्यावर किती लहान होते ते. त्याला वाटलं ती आता ओरडेल, आणि त्याने जणू त्यासाठी खांदे पुढे केले.

ती ओरडली नाही. म्हणाली, "ती गजाल मी चांगली म्हणान सांगी होतंय रे." आणि मग, वेगळ्याच, कोरड्या आवाजात, "तू येव नको."

"बरा."

"पण ह्या सलीलाक मी सांगूचंय नाय. माझ्यान होवचा नाय. मी तेका काय काय बोललंय… तूच सांग. थांब. फोन ठेवू नको." तिच्या चपला अंगणात वाजल्या. मधल्या दाराने ती गेली नाही. त्याचा अडसर काढायला तिला धीर झाला नसावा. ती पुढून वळसा घालून गेली. तिचा श्वास त्याच्या कानात होता. मग कडी वाजवल्याचा आवाज. "सलीला," तिने हाक मारली. पुन्हा, "सलीला, दार उघड रे. फोन आसा." दार उघडलं. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर.

"हां," सलील म्हणाला.

लक्ष्मीकांतने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं होईल असं वाटलं होतं; झालं नाही. तीच तीन वाक्यं.

"माका म्हायत होता," सलील म्हणाला.

"काय?"

"मी शाळेभायर यादी घेवन बसललंय. जो तो मत देवन भायर येय, माझ्याकडे बघी. कोण हसा, कोण तोंड वाकडा करी. तू बघलंसच नाय. तेव्हाच समाजला."

बाल्कनीच्या कठड्यावर धुळीचा थर होता. लक्ष्मीकांतने तिथे हात टेकला होता. त्याला तो आता दिसला. "मग सांगलंस नाय कित्याक? तुका लोकांनी…"

"सांगून कोण आयकतलो? आणि आयकला आसता, तर तिचो तू पण गेलंस आसतंस." सलीलच्या आवाजात राग नव्हता, उपकाराचा सूरही नव्हता, लाकडाचं माप सांगावं तसं तो सांगत होता. "माका ती तशी पण धरी नव्हती. पडवीपासून. तुका धरी होती. दादाचो एक तरी माणूस तिका रवाक व्हयो होतो."

"सलील, मी…"

"ठेव आता. वयनी पायरीर उभी आसा. ऊन आसा. तिका भितर घेतंय."

फोन बंद झाला. लक्ष्मीकांत तो कानाला लावूनच उभा राहिला. खाली रस्त्यावर एक पाण्याचा टँकर मागे येत होता आणि त्याची सूचना देणारी शिट्टी वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. त्याला शिवी द्यायला पाहिजे होती कोणीतरी. दोघांपैकी कोणीच दिली नाही. दोन हजार मैलांवर एका घराचं दार उघडलं होतं आणि त्याने ते उघडल्याचा आवाज ऐकला होता, पण त्या दारातून आत जायची परवानगी आता त्याला नव्हती, आणि ते बरोबर होतं, हे त्याला इतकं स्वच्छ कळत होतं की त्यात दुःखालाही जागा उरली नव्हती.

मागचं काचेचं दार सरकलं. विनिता हातात पोळीचं लाटणं घेऊन उभी होती. "बूट घालून आत आलात? वहिनींचा फोन होता ना? तिकीट किती तारखेचं बघू?"

"नको तिकीट. श्राद्धाला सलील बसणार आहे."

"सलील?" ती चकित झाली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मिटलं त्यांचं! तुम्ही मिटवलंत? बघ अबोली, बाबांनी फोनवरून भांडण मिटवलं. मला माहीत होतं, वहिनी तुमचंच ऐकणार." टेबलापाशी बसलेल्या अबोलीने कानातले हेडफोन काढले आणि ती त्याच्याकडे पाहून कौतुकाने हसली.

लक्ष्मीकांत आत आला. त्याने बाल्कनीचं दार नीट लावून घेतलं, म्हणजे धूळ येऊ नये. त्या दोघी अजून त्याच्याकडे बघत होत्या.

"गॅस बंद कर, विनिता," तो म्हणाला. "आणि इथे बस. तूही ऐक, अबोली. मी ते मिटवलं नाही. ते माझ्यामुळेच मोडलं होतं."